मागच्या दाराचा चहा

माघ सरत आला की काटोलच्या वाटेवर संत्र्याच्या बागा फुलतात, आणि त्या बारीक पांढऱ्या फुलांचा गंध गाडीच्या काचा कितीही वर केलेल्या असल्या तरी कुठून तरी आत शिरतोच. त्या गंधात गोडी आहे, पण तिच्या तळाशी एक कडवट कड आहे, साल सोलताना नखाखाली राहते तशी. माझ्या लेखी तो माहेरचा वास. साठी उलटली, शाळेतली नोकरी संपली, यजमान गेले, मनीषनगरच्या फ्लॅटमधल्या एकटेपणाचीही सवय झाली, तरी हा वास नाकात शिरला की मी पुन्हा नऊ वर्षांची होते आणि भलतीच बडबडायला लागते. त्या रविवारी तेच झालं. झालं नसतं तर बरं होतं असं आज वाटतं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटते.

गाडी माझा मुलगा निखिल चालवत होता. शेजारी संघमित्रा, जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, कमी बोलणारी, समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. मागच्या सीटवर मी आणि तिचे वडील सुखदेवराव. कामठीला राहतात, विजेच्या खांबांवर चढण्या-उतरण्यात उभी हयात गेली. निवृत्त झाले तरी अजून रस्त्यावरचा वाकलेला खांब दिसला की त्यांची मान आपोआप वळते. छप्पन सालच्या धम्मदीक्षेचं त्यांचं घर. आम्ही काटोलकडचे शेतीवाडीवाले. या लग्नावरून माझ्या भावकीत थोडी कुजबुज झाली होती आणि ती मी चार खडे बोल सुनावून जागच्या जागी बंद केली होती. त्याचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

दोन्ही घरांनी एकदा निवांत बसून जेवावं, एवढाच बेत होता. संघमित्रानं नागपुरातलंच एक थंडगार, काचेच्या दारांचं हॉटेल सुचवलं होतं, पण मी ते उडवून लावलं. तिथे काय, चार जण जेवतात आणि चाळीस जण फोटो काढतात. म्हटलं, कुठे जायचं ते मी सांगणार नाही, गुपचूप गाडीत बसा. निखिल गालात हसला, कारण त्याला ठाऊक होतं. काटोलच्या अलीकडे एक फाटा आहे, त्या फाट्यावर माझ्या वडिलांचं हॉटेल होतं. आता माझा धाकटा भाऊ दिलीप ते चालवतो. माझ्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर जागा मी माझ्या व्याह्यांना दाखवायला निघाले होते.

फाटा जवळ आला तसे सुखदेवराव गप्प झाले. तोवर ते मला लाइनमनच्या नोकरीतले किस्से सांगत होते, पावसाळ्यात तारेवर बसणाऱ्या साळुंक्या, गावोगावचे आकडे टाकणारे बहाद्दर. दुपारचं ऊन काचेतून त्यांच्या मांडीवर पडलं होतं. मला वाटलं, उन्हानं डोळा लागत असेल.

दिलीपनं हॉटेलाचं रूप पालटलं आहे. बाबांच्या वेळची बाकडी गेली, सनमायक्याची टेबलं आली, भिंतींना आकाशी रंग लागला, दाराशी 'फॅमिलीसाठी वेगळी व्यवस्था' अशी पाटी लागली. पण स्वयंपाकघरातून येणारा वास तोच. भाजलेल्या खोबऱ्याचा, काळ्या मसाल्याचा, कढईत फुटणाऱ्या तेलाचा, आणि या सगळ्यांवर भट्टीतल्या बाभळीच्या लाकडाचा धुरकट वास. दिलीपनं धावत येऊन खुर्च्या ओढल्या, सुखदेवरावांना वाकून नमस्कार केला, आणि पाटवडीचा रस्सा व्हायला अर्धा तास लागेल म्हणून आधी सांबारवडी पाठवतो असं सांगून आत पळाला. सांबारवडी म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची, गरम, बोटाला चटका देणारी. तो अर्धा तास भरून काढणं माझ्याकडे आलं. आणि मला बोलायला निमित्त लागतं थोडंच!

मी त्यांना माझं बालपण सांगत सुटले. शाळा सुटली की दप्तर गल्ल्याखाली टाकून मी हॉटेलात कशी रमायचे, बाबा मला कांद्याच्या भज्यांतली सगळ्यात कुरकुरीत भजी वेगळी काढून कशी ठेवायचे, तोडणीच्या दिवसांत फाट्यावर संत्र्यांच्या पाट्यांची रास कशी लागायची. मग माझी ठेवणीतली आठवण काढली. शाळेत तीस वर्षं मी मुलांना हीच सांगत आले. 'माझी अविस्मरणीय आठवण' हा निबंध शिकवायचा तर नमुना म्हणून आपल्या खिशातलंच काही द्यावं लागतं. मागच्या दाराशी एक उंच लाकडी स्टूल असे. त्यावर मला उभं करून बाबा माझ्या हातात पितळी किटली देत, आणि मी वरून, चांगली हातभर उंचीवरून, खालच्या कपात चहा ओतत असे. तिरप्या उन्हात ती धार सोन्याच्या तारेसारखी दिसायची. एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. बाबा म्हणत, माझ्या पोरीचा हात म्हणजे गवंड्याचा ओळंबा! मी टेबलावरून हात उंच करून ते सगळं करूनही दाखवलं. निखिल हसला, दिलीप स्वयंपाकघराच्या दारातून हसला. संघमित्रा बशीतल्या वडीकडे बघत होती. सुखदेवरावांनी उचललेली वडी परत बशीत ठेवली.

रस्सा आला, भाकरी आली, ठेचा आला. सगळ्यांची बोटं लाल झाली. सुखदेवराव मात्र हात मांडीवर ठेवून बसले होते. पोट जरा बरं नाही, म्हणाले. पाण्याचा पेला समोर होता, त्यालाही त्यांनी हात लावला नव्हता, आणि ते पाहून माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. आमच्यात जुनी रीत आहे, मुलीचा बाप तिच्या सासरचं अन्न खात नाही, नातवंड होईपर्यंत पाणीसुद्धा घेत नाही. म्हटलं, अच्छा, म्हणजे असं आहे तर! मी त्यांची यथेच्छ थट्टा केली. अहो व्याहीबुवा, अजून लग्न व्हायचंय, आणि हे कुठे सासर, हे तर माझं माहेर; जमाना कुठल्या कुठे गेला आणि तुम्ही काय रीत धरून बसलात! ते कसनुसं हसले आणि जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो म्हणून उठले. लिहायला कष्ट पडतात, पण त्या वेळी मनातून मला बरंच वाटलं होतं. किती रीतीभातीचा माणूस, अगदी आपल्यातलाच वाटतो, असे शब्द माझ्या मनात उमटले होते. जी रीत त्यांची नव्हतीच ती मी त्यांच्या अंगावर चढवली, आणि वर त्यासाठी त्यांना शाबासकी दिली.

आग्रह केल्याशिवाय पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा नाही, हे मला आईनं शिकवलेलं. मी एका ताटात भाकरी, रस्सा, झुणका वाढून घेतला आणि मागच्या दारानं बाहेर पडले. मागे कडुनिंब आहे. पानगळ सुरू झालेली, पिवळी पानं कोरड्या जमिनीवर एकेक करून उतरत होती, आणि फांद्यांतून आलेलं ऊन मागच्या भिंतीवर हलत होतं. सुखदेवराव त्या भिंतीसमोर उभे होते. भिंतीत पूर्वी एक कोनाडा होता, तो दिलीपनं केव्हाच बुजवला. पण बुजवलेल्या जागी गिलावा थोडा फुगीर राहिला आहे आणि आकाशी रंग लावूनही तो चौकोन दिसायचा राहिला नाही. मी ताट पुढे केलं. आता जास्त भाव खाऊ नका, असंही काहीतरी म्हणाले.

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढला नाही, की पडला नाही.

"बाई, हे रीत-बीत काही नाही. आमच्यात तसं नसते. तुमी वरून ओतत होत्या न, तं खाली कप धरून मी उभा राहो."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. त्यांचं गाव फाट्यापासून दोन कोसांवर. तोडणीच्या हंगामात त्यांची आई बागेत पाट्या भरायला येत असे, आणि शाळा बुडवून तेही. दुपारी चहाची सुट्टी झाली की यायचं ते मागच्या बाजूनं. कोनाड्यात त्यांच्यासाठी वेगळे कप पालथे ठेवलेले, कान तुटलेले. आपला कप आपण काढायचा, दोन्ही हातांत धरायचा, वरून पडेल तेवढा घ्यायचा, तिथेच झाडाखाली प्यायचा, विसळून पुन्हा पालथा ठेवायचा. किटलीचं तोंड कपाला लागू नये म्हणून धार उंचावरून. बाबा ओतत तेव्हा त्यांची घाई असे, चहा बोटांवर उडत असे आणि कप सोडून चालत नसे. मग ते जे बोलले ते त्यांनी माझी समजूत घालावी तशा सुरात बोलले.

"तुमच्या हातचा कवाच सांडला नाही. पोरगी असली का हात भाजत नाही, म्हणे माही माय. तुमी दिसल्या का तिले बरं वाटे."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते शरम नव्हती. ते 'बरं झालं' होतं. चला, मी निदान भाजलं तरी नाही कुणाला! अर्धं जग उलटंपालटं झालेलं असताना त्या नऊ वर्षांच्या मुलीला मी झटक्यात निर्दोष सोडवून आणलं, आणि मग त्या सोडवणुकीचीच मला शिसारी आली. ताट हातात तसंच होतं.

मला माहीत नव्हतं, असं म्हणणार होते. माहीत नव्हतं का? बाबा हाक मारत, मागचे आले, बघ. 'मागचे' म्हणजे कोण, हे मी कधी विचारलं नाही. मागे कडुनिंबाची सावली गार असते म्हणून ते तिथे थांबतात, असं मी समजत होते. निदान समजत होते असं आजवर स्वतःला सांगत आले. पण त्या दुपारी त्या भिंतीपुढे उभं असताना मला एक दुसरी गोष्ट आठवली, जी मी कुठल्याच निबंधात घातली नव्हती. एकदा मी स्टुलावरून उतरून, जवळ जाऊन ओतायला निघाले होते. बाबांनी दंडाला धरलं आणि मला परत वर चढवलं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसतं उचलून वर ठेवलं. त्यानंतर मी कधी उतरले नाही. म्हणजे मला कळलं होतं. काय कळलं ते शब्दांत विचारलं नाही, इतकंच. माझे बाबा प्रेमळ होते, दारच्या कुत्र्यालाही भाकर घातल्याशिवाय जेवत नसत, हे सगळं लिहायला हात शिवशिवतोय. ते खरंही आहे. पण सुखदेवरावांच्या आईला त्याचा काय उपयोग होता?

मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. त्यांना माझी माफी नको होती, त्यांना माझ्याकडून शब्द हवा होता. पोरीला यातलं काही कळता कामा नये, निखिललाही नाही. पोरीनं स्वतःच्या पसंतीनं ठरवलंय, सुखात आहे; हे ऐकलं तर तिचं मन कायमचं कडू होईल, आणि त्यांना ते नको होतं. मी मान हलवली. मग त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं, आत गेले, आपल्या खुर्चीवर बसले आणि भाकरी मोडली. लेक आपल्याकडे बघतेय हे ओळखून त्यांनी रश्शाची तारीफही केली. संघमित्राच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. तो माणूस मुलीच्या सुखासाठी त्या छपराखाली बसून जेवला, आणि पोटभर जेवला.

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या बाबतीत तर मूठ झाकून ठेवायला खुद्द त्यांनीच सांगितलं होतं, मग मला टोचायचं कारण काय? टोचत हेच होतं की ते गप्प राहिले ते लेकीसाठी, आणि मी गप्प राहत होते ती माझ्या सोयीसाठी; बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं. दिलीपला फोन केला. मागच्या कोनाड्याचं विचारलं. तो म्हणाला, काहून उकरून राहिली वं ताई ते सगळं. तेव्हा सगळ्याच हाटेलांत तसं होतं, आणि मी तो बुजवला न! बुजवला हे खरं. गिलावा करून, रंग देऊन, त्यानं त्याच्या परीनं निकाल लावला होता. सगळीकडेच होतं, हेही खरं. वर्गात मीही ते असंच शिकवलं होतं, 'त्या काळी समाजात' अशी वाक्याची सुरुवात करून. त्या समाजात मी कुठे स्टुलावर उभी आहे, हे मला फळ्यावर कधी दिसलं नाही.

आणि मग निखिल एका संध्याकाळी आनंदानं सांगत आला, साखरपुड्याचं जेवण मामाच्याच हॉटेलात करू. झाडाखाली मांडव घालू, मामा तयार आहे. सुखदेवरावांना विचारलंस का, म्हटलं, तर हो, ते लगेच हो म्हणाले. ते हो म्हणणारच होते. मला डोळ्यांसमोर दिसलं, कडुनिंबाखाली शंभर माणसं, दिव्यांच्या माळा, आणि त्यांत ते, येणाऱ्या प्रत्येकाला हसून या, बसा म्हणणारे. माझ्या मान हलवण्याची किंमत ते त्या दिवशी मोजणार होते, आणि मी नव्या साडीत मिरवणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघमित्राला फोन लावला. जेवण तिथे होणार नाही, असं म्हणाले. तिनं शांतपणे विचारलं, "काहून, काकू?" मी सुखदेवरावांना दिलेला शब्द पाळायचा प्रयत्न केला. फक्त माझ्या वाटणीचं सांगितलं; मागचं दार, पालथे कप, स्टूल, किटली, आणि उंचावरून ओतायचं खरं कारण. खाली कप धरून कोण उभं होतं ते सांगितलं नाही. माझं बोलणं संपलं. तिच्याकडच्या कुकरची शिटी ऐकू आली, मग गॅस बंद केल्याचा आवाज.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "निखिलनं मागे कधी मामाच्या हॉटेलाचा फाटा सांगितला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर मी नागपुरातलं हॉटेल म्हणत होते. आजी सांगायची, तिथं एक पोरगी होती, तिच्या हातून चहा सांडत नसे. ती तुम्ही, हे त्या दिवशी टेबलावर कळलं."

मी पलंगावर बसले. म्हणजे पन्नास वर्षं मी त्या घरात वावरत होते. एका म्हातारीच्या तोंडून, नातीला थोपटताना, मी किटली घेऊन उभी राहत होते. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण माझा हात ठाऊक होता. आणि आमच्या घरात? आमच्या घरात त्यांच्याविषयी कुणी कधी चकार शब्द काढला नाही. जी गोष्ट त्यांना तोंडपाठ होती तिचा मी फक्त उजेडातला तुकडा कापून घेतला, आणि सुंदर अक्षरात वर्षानुवर्षं मुलांना लिहून देत आले. ही मुलगी सगळं माहीत असून माझ्यासमोर बसली, माझा उंच केलेला हात तिनं पाहिला आणि वडीकडे बघत राहिली. तिनं का सोसलं, मला मध्येच का थांबवलं नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तो हिशेब तिचा तिच्याजवळ असेल.

तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. तिला हे माहीत आहे हे तिच्या बाबांना कळू द्यायचं नाही; ते तिला जपतात, तर त्यांना जपू द्यावं. जेवण कामठीला, त्यांच्या घरासमोर होईल, ते ती बघून घेईल. मग तिनं विचारलं, "पण निखिलला कळायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी सांगते, म्हटलं.

निखिल आदल्या रात्री माझ्याकडेच राहिला होता; बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. हाक मारली, तसा ओले हात पँटला पुसत आला, समोर बसला आणि म्हणाला, बोल आई. सकाळचं ऊन फरशीवर आलं होतं. लेखाची सुरुवात कशी करावी हे शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि मला पहिलं वाक्य सापडेना. 'तुझे आजोबा' असं म्हणाले, आणि थांबले. निखिल वाट बघत होता. मग ते दोन शब्द मी मागे घेतले आणि 'मी'पासून सुरुवात केली.